स्पिरुलिनाची चिक्की: एका वडीत नेमकं किती?

खाऊच्या पाकिटांवर हल्ली ‘स्पिरुलिनायुक्त’ असं छापलेलं दिसतं. आजचा भाग त्यावर.

नाव परदेशी वाटतं, पण याचं एक घर आपल्या संभाजीनगरपासून साधारण दीडशे किलोमीटरवर आहे: लोणार सरोवर. तिथलं पाणी खारट आणि पीएच १० च्या आसपास. अशा पाण्यात बहुतेक शेवाळं टिकत नाहीत, स्पिरुलिना मात्र मजेत वाढतं. म्हणून टाकीत वाढवतानाही पाण्यात चक्क खायचा सोडा घालतात, लिटरला सोळा-सतरा ग्रॅम. (२०२० मध्ये लोणार गुलाबी झालं, ते वेगळ्याच जिवाणूंसारख्या जीवांमुळे.) सरोवरातलं गाळून खायला मात्र जाऊ नका हं. खायचं ते स्वच्छ टाकीतलंच.

आता आकडे. १०० ग्रॅम सुक्या पावडरीत प्रोटीन साधारण ५७ ग्रॅम आणि लोह २८ मिलिग्रॅम. भारी ना? पण १०० ग्रॅम खातंय कोण!

म्हैसूरच्या सीएफटीआरआय या संस्थेने स्पिरुलिना घातलेली शेंगदाणा चिक्की तयार केली आहे. आपण आपलं गणित मांडू. समजा वडी २५ ग्रॅमची आणि त्यात स्पिरुलिना एक ग्रॅम. त्यातून प्रोटीन मिळालं अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त. त्याच वडीत १२ ग्रॅम शेंगदाणे असतील तर ते एकटे तीन ग्रॅम देतात! लोह मिळालं ०.२८ मिलिग्रॅम. आयसीएमआरच्या शिफारशीनुसार स्त्रीला रोज हवं २९. म्हणजे जेमतेम एक टक्का.

मग जास्त का घालत नाहीत? चव. प्रमाण वाढलं की तळ्यासारखा वास येतो. चकलीत घालून तळलं तर रंगही उतरतो.

एवढं मोजत बसलो, कारण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना अ‍ॅनिमिया आढळला. त्यांना ‘एक वडी खा, रक्त वाढेल’ म्हणणं मला फसवणूकच वाटते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर चिक्कीच्या भरवशावर त्या बंद करू नका. शाकाहारी मंडळींनो, बी१२ साठीही यावर विसंबू नका. यातलं बहुतेक बी१२ आपल्या शरीराला वापरता येत नाही.

चिक्की म्हणून खा की, छानच आहे! फक्त पाकीट उलटं करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. स्पिरुलिना मिठाच्याही नंतर आलं, तर ते मिठाहून कमी आहे.