खारीची जात

कुत्रे घेऊन बाहेर पडलेल्या मराठी माणसाला दुसरा मराठी माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : “कोणत्या जातीचे?” विचारणाऱ्याच्या मनात बहुधा काहीच नसते, आपल्या भाषेत कुत्र्याच्या वंशालाही जातच म्हणतात. तरीही भाड्याची खोली शोधताना, शाळेत नाव घालताना आणि पाणवठ्यावर ज्यांच्या वाडवडिलांना हाच प्रश्न विचारला गेला, त्यांच्या कानाला तो खटकतो. आमच्या घरी चार वर्षांपासून खारी नावाची कुत्री आहे. तिची आई बीगल आणि बाप इथल्याच रस्त्यावरचा. त्यामुळे या प्रश्नाचा विचार करण्याची संधी मला वरचेवर मिळते.

बीगल हा इंग्लंडमध्ये सशांच्या शिकारीसाठी जोपासलेला, वासावर माग काढणारा कुत्रा. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९८४ पासून विमानतळांवर प्रवाशांच्या सामानातील फळे व मांस हुंगून शोधण्यासाठी याच कुत्र्याची निवड केली. खारीने आईकडून हे नाक, लोंबते कान आणि न शमणारी भूक घेतली. बापाकडून काटक पाय आणि अनोळखी माणसाविषयीची सावधगिरी. वास लागला की तिला हाक ऐकू येत नाही, म्हणून पट्टा हातातून सुटता कामा नये. ती मागेल तितके खाऊ घातले तर ती थोड्याच महिन्यांत लठ्ठ होईल. आपल्या रश्श्यातील कांदा-लसूण, तसेच द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याला विषासमान असतात. त्यामुळे ताटातला घास प्रेमाने पुढे करण्याची सवय घरातील सर्वांनाच मोडावी लागते. एकटी राहिली की ती लांबलचक गळा काढते आणि साऱ्या मजल्याला ते ऐकू जाते. दोघेही नोकरी करणाऱ्या दांपत्याने हे आधीच जाणून असावे.

बहरीनचा उन्हाळा ही तिची खरी परीक्षा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवरील ओलावा उडवूनच ते शरीर थंड ठेवते. दमट हवेत हा ओलावा नीट उडत नाही. तापलेल्या डांबरावर तळवेही भाजतात. आपल्या हाताची मागची बाजू काही सेकंद रस्त्यावर टेकवता येत नसेल, तर कुत्र्यालाही त्यावर चालवू नये. म्हणून आमचे फिरणे सूर्योदयापूर्वी आणि रात्री उशिरा. भर उन्हाळ्यात येथे दुपारी १२ ते ४ उघड्यावरील कामास कायद्याने बंदी असते. तरीही त्याच वेळी जेवणाचे डबे पोहोचवणारा कुणीतरी मोटारसायकलवरून दारात येतो. वातानुकूलित खोलीत कुत्र्यासाठी गार पाण्याचे भांडे ठेवणाऱ्या घराने त्या माणसाला पाणी विचारले नाही, तर त्या भूतदयेला काही अर्थ उरत नाही.

आता जातीविषयी. कुत्र्यांच्या ज्या ‘शुद्ध’ वंशांचे आज कौतुक होते, त्यांच्या नोंदवह्यांची शिस्त फार प्राचीन नाही. लंडनचा केनेल क्लब १८७३ मध्ये स्थापन झाला. मोजक्या पूर्वजांच्या वंशावळीतच प्रजनन मर्यादित ठेवल्याने रूप एकसारखे राहते; पण आनुवंशिक आजारांचा धोकाही वाढतो. म्हणजे प्राण्यांतही ही शुद्धता निसर्गदत्त नाही. माणसाने कुंपण घालून ती टिकवली आहे.

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात जन्माने ब्राह्मण की कर्माने, असा वाद घेऊन दोन तरुण भगवान बुद्धांकडे येतात. तृण, कीटक, चतुष्पाद, सर्प, मासे, पक्षी यांच्यात जातीजातींची वेगवेगळी लक्षणे दिसतात, माणसामाणसांत तशी दिसत नाहीत, असे तथागत त्यांना समजावतात. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलन’ या ग्रंथात रक्तशुद्धीच्या आधारे होणारे जातिव्यवस्थेचे समर्थन खोडून काढले. तेव्हा खारीची जात विचारणाऱ्याला मी सरळ सांगतो, “संकर आहे, आणि प्रकृतीने ठणठणीत आहे.”

आमच्या समाजातील काही ज्येष्ठांना घरात कुत्रे रुचत नाही, आणि त्यामागे केवळ स्वच्छतेचा विचार नसतो. ज्या पाण्यावर गुराढोरांना आणि कुत्र्यांना मज्जाव नव्हता, त्या पाण्यावर माणसांना मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली ती याच अपमानाविरुद्ध. १९३१ मध्ये गांधीजींच्या भेटीतही त्यांनी सुनावले होते, की जिथे आम्हाला कुत्र्या-मांजरांहून हीन वागणूक मिळते, त्या भूमीला आम्ही आपली कशी म्हणावे? ही स्मृती ज्यांच्या मनात ताजी आहे, त्यांना कुत्र्याचे लाड सहजासहजी पाहवणार नाहीत. त्यांची नाराजी समजून घेतली पाहिजे.

परंतु फेब्रुवारी १९३४ चे राजगृहातील छायाचित्र आठवावे. त्यात बाबासाहेब, रमाई, यशवंतराव, वहिनी लक्ष्मीबाई आणि पुतणे मुकुंदराव आहेत. आणि त्यांच्यासोबत बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे. कुत्र्याशी होणारी अपमानास्पद तुलना ज्यांनी जगासमोर मांडली, त्यांनी त्याचा राग कुत्र्यावर काढला नाही. दोष प्राण्याचा नव्हता, व्यवस्थेचा होता. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी करुणेच्याही पुढे मैत्री ठेवली आहे. कारण करुणा माणसांपुरती, तर मैत्री सर्व जीवमात्रांना कवेत घेणारी.

ही मैत्री शेजाऱ्यांशीही असावी. येथील अनेक मुस्लिम कुटुंबांत कुत्र्याची लाळ कपड्याला लागली तर नमाजापूर्वी ती धुवावी लागते. हा नियम आपण भोगलेल्या विटाळासारखा नाही. धुतले की तो संपतो आणि तो कोणत्याही माणसाच्या जन्माला चिकटत नाही. म्हणून लिफ्टमध्ये कुणी असेल तर आम्ही पुढच्या खेपेची वाट पाहतो. तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून पादत्राणात पाणी भरून आणणाऱ्या माणसाला ईश्वराने क्षमा केली, ही हदीसमधील कथाही याच शेजाऱ्यांची आहे. चवदार तळ्याच्या वारसांना तिचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

शेवटी एक विनंती. आपण येथे नोकरीच्या व्हिसावर आहोत. नोकरी सुटली की देश सुटतो. अशा वेळी मागे सोडलेले पाळीव कुत्रे उन्हात फार दिवस तग धरत नाही. कुत्रे आणण्यापूर्वीच परतीचा हिशेब करावा : मायक्रोचिप, रेबीजची लस, आरोग्य प्रमाणपत्र, विमानाचे भाडे आणि भारताच्या पशु संगरोध विभागाची पूर्वपरवानगी. हे पेलणारे असेल, तर विकतचे ‘शुद्ध’ पिल्लू शोधण्याऐवजी बहरीन एसपीसीएसारख्या संस्थेच्या निवाऱ्यात जावे. तेथे संकरित कुत्री भरपूर असतात, आणि त्यांना घर हवे असते.

नमो बुद्धाय! जय भीम!