पिकअपचं अ‍ॅव्हरेज वाढवायचंय? न्यूट्रल विसरा!

पिकअपवाल्या मित्रांनो, डिझेल वाचेल म्हणून घाटात गाडी न्यूट्रलवर सोडू नका. कॉमन रेल इंजिनात गिअर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर डिझेल तोडतात, उताराच्या जोरावर चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू राहायला डिझेल जळतच असतं, शिवाय सगळा भार ब्रेकवर. कसारा असो की माळशेज, गिअरमध्येच उतरा.

हायवेला ८० ऐवजी ६० ठेवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० ला तो जवळपास पावणेदोन पट! ताडपत्री घट्ट बांधा, टायरची हवा लोडप्रमाणे, टायर थंड असतानाच तपासा. आणि अ‍ॅव्हरेज काढाल ते टाकी फुल ते फुल, काट्यावरून अंदाज नको.