गाडी उभी, तर धंदा उभा

टिफिन, केक, डेकोरेशनचं सामान पोचवायला स्वतःची गाडी वापरताय? मग ती धंद्यातली मशीन समजा.

आपल्या खोपटच्या एसटी आगाराचंच बघा. बस रस्त्यात बंद पडायची वाट बघत नाहीत, देखभाल वेळापत्रकाने होते. आपणही तेच करायचं.

सकाळी इंजिन थंड असताना पाच मिनिटं द्या. डिपस्टिकवर ऑइल, मिन-मॅक्स खुणांच्या मध्ये कूलंट, टायरची हवा, ब्रेक लाइट. टायरची नक्षी १.६ मिमीपर्यंत झिजली, की टायर बदलायचाच.

गायमुख घाटात ट्रॅफिकमध्ये टेम्परेचरचा काटा चढला तर? एसी बंद करा, गाडी सुरक्षित बाजूला घ्या, इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं. ऑर्डर उशिरा गेली तरी चालेल; इंजिन गेलं, तर पुढच्या सगळ्याच ऑर्डरी जातील.

आता हिशोब. समजा, गाडी महिन्याला १,००० किलोमीटर पळते. किलोमीटरमागे २ रुपये बाजूला काढले, तर वर्षाला २४,००० जमतात. सर्व्हिस, टायर, बॅटरी यातूनच करायची. हे २ रुपये डिलिव्हरी चार्जमध्ये आधीच धरा. नाहीतर कागदावर नफा दिसतो आणि क्लचचं एक बिल तो खाऊन टाकतं.

आणि हो, विम्याच्या पॉलिसीत गाडीचा वापर काय लिहिलाय ते वाचा. खासगी गाडीतून भाड्याने माल नेताना अपघात झाला, तर क्लेम नाकारला जाऊ शकतो.

आज रात्रीच वहीत मीटरचा आकडा लिहा. सुरुवात तिथूनच!