मुंबई ते जेद्दा : साडेपाच तासांचा हिशेब

उमऱ्याची तारीख ठरली की आमच्या पाबळमध्ये भेटायला येणारे हमखास विचारतात, "विमानाला किती तास लागतात?" उत्तर सोपे आहे. मुंबई ते जेद्दा हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर आणि थेट विमानाला सव्वापाच ते साडेपाच तास. पण घरातल्या बुजुर्गांना पाठवताना एवढ्या उत्तरावर भागत नाही.

आधी सगळा सफर मोजू. पाबळहून राजगुरुनगर, चाकण, तळेगावमार्गे मुंबई विमानतळ गाठायला ४ ते ५ तास धरावेत. तिथे ३-४ तास आधी पोहोचलेले बरे. जेद्दाला उतरल्यावर पासपोर्ट तपासणी आणि सामान यांत दोनेक तास जातात. पुढे मक्का सुमारे ८० किलोमीटर, म्हणजे आणखी दीड-दोन तास. बेरीज १६ ते १८ तासांची होते. म्हणून मक्केत पोहोचताच वयस्कर आई-वडिलांना तवाफला घाईने नेऊ नये. इहराममध्येच थोडा आराम करून, खाऊनपिऊन मग उमरा करता येतो.

घड्याळाचाही घोळ होतो. सौदीची वेळ आपल्या अडीच तास मागे आहे. सकाळी १० वाजता मुंबईहून निघालेले विमान तिथल्या दुपारी १ च्या सुमारास उतरते. कागदावर तीनच तास दिसतात, प्रत्यक्षात साडेपाच झालेले असतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी दोन डोसांमधले तास कसे धरायचे, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे आणि औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. १९९५ पर्यंत मुंबईहून हजला बोटी जात. त्या सफरीला १२ ते १५ दिवस लागत. बोट यलमलमच्या समोर येईपर्यंत इहराम बांधायला सवड असे. विमानात ती सवड नाही. ताशी ८४० किलोमीटर वेगाने जाणारे विमान मिनिटाला १४ किलोमीटर कापते. मीकात जवळ आल्याचे जाहीर झाल्यावर कोणी कपडे बदलायला उठले आणि स्वच्छतागृहाच्या रांगेत १० मिनिटे उभे राहिले, तर तेवढ्यात १४० किलोमीटर मागे पडतात. नियत न करता मीकात ओलांडली, तर मागे मीकातवर जावे लागते, नाहीतर दम म्हणजे कुर्बानी द्यावी लागते.

यावर उपाय सोपा आहे. थेट मक्केला जाणाऱ्या पुरुषांनी इहरामच्या चादरी घरी किंवा मुंबई विमानतळावरच बांधाव्यात. बायकांना वेगळे कपडे लागत नाहीत, नियत मात्र त्यांनाही करायची असते. झोप लागण्याची भीती असेल तर विमान सुटताच नियत करून तलबिया सुरू करावी. त्यानंतर विमानात मिळणारा सुगंधी रुमाल वापरू नये. आधी मदीनेला जाणाऱ्यांना मात्र विमानात इहराम लागत नाही. मदीनेहून मक्केला निघताना जुलहुलैफा या मीकातवर तो बांधतात.

हे सारे घरातल्या बुजुर्गांना निघण्याच्या आठवडाभर आधी शांतपणे समजावून सांगावे. विमानतळावरच्या गर्दीत ते डोक्यात राहत नाही. अल्लाह सर्वांचा सफर आसान करो आणि उमरा कबूल करो. आमीन.