बरणीतले साठ हत्ती

कागद-पेन्सिल घ्या बरं, एक गणित करायचंय.

बरणीत ५० ग्रॅम स्टार्टर आहे. म्हणजे काय, तर पाण्यात कालवून आंबवलेलं पीठ. सॉरडो नावाचा आंबूस पाव यानेच फुगतो, दुकानातलं यीस्ट लागत नाही. या स्टार्टरला रोज खाऊ हवा : त्याच्या वजनाइतकं पीठ आणि तितकंच पाणी. म्हणजे रोज तिप्पट! आज ५०, उद्या १५०, परवा ४५०... सात दिवसांनी १०९ किलो. आणि दोन आठवड्यांनी? २३९ टन! एक हत्ती चार टनांचा धरला, तर जवळजवळ साठ हत्ती.

म्हणून पाव करणारे रोज थोडंसं ठेवतात, बाकीचं काढतात आणि मगच ताजं पीठ घालतात. काढलेल्या पिठाला म्हणतात डिस्कार्ड.

मग खाऊच कमी द्यावा की! पण बरणीत राहणारी मंडळी ते चालवून घेत नाहीत. तिथे दोन प्रकारचे सूक्ष्मजीव असतात, यीस्ट आणि आपल्या विरजणातल्यांचे भाईबंद असलेले जिवाणू. खाणारी तोंडं फार आणि पीठ जरासं, असं झालं की सगळे अर्धपोटी राहतात. आंबटपणा वाढत जातो, फुगणं मंदावतं.

या दोघांचं एकमेकांशी पटतं कसं, ते तर फारच मजेदार आहे. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहराचा सॉरडो प्रसिद्ध. त्यातला खास जिवाणू शास्त्रज्ञांनी १९७१ साली वेगळा ओळखला आणि त्याला शहराचंच नाव दिलं. पिठात माल्टोज नावाची साखर तयार होते. ती या जिवाणूला फार आवडते, पण तिथलं यीस्ट तिला तोंडही लावत नाही. ते दुसऱ्या साखरा खातं. त्यामुळे भांडण नाही! जिवाणू आम्ल बनवतो. ते या यीस्टला सोसतं, पण आगंतुक जंतूंना मुळीच मानवत नाही.

फ्रिजमध्ये ठेवलं की ही मंडळी सुस्तावतात आणि आठवड्यातून एकदा खाऊ दिला तरी भागतं. बरणीत गुलाबी-केशरी रेघा किंवा बुरशी दिसली, तर मात्र सगळं फेकायचं. तिथे काटकसर नको.

चांगलं डिस्कार्ड मात्र फेकू नका. त्याचं घावन करा, थालीपिठाच्या पिठात मिसळा. कच्चं चाखायचं नाही हं, कच्चं पीठ पोटाला बाधू शकतं. सव्वाशे वर्षांपूर्वी कॅनडाच्या गोठवणाऱ्या क्लोंडाइक भागात सोनं शोधायला गेलेली माणसं आंबलेल्या पिठाचे पॅनकेक खायची. स्टार्टर थंडीने गारठू नये म्हणून ते अंगाशी धरून झोपायची, असं सांगतात. सोनं सापडो न सापडो, नाश्ता पक्का!

असे पॅनकेक घरी करायचे असतील तर वाटीभर डिस्कार्डमध्ये चिमूटभर खायचा सोडा घाला आणि ढवळा. आम्ल आणि सोडा भेटले की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, पीठ फसफसून वर येतं. लगेच तव्यावर घाला, नाहीतर वायू उडून जाईल. आणि हो, भांडं मोठं घ्या. नाहीतर ओटा तुम्हालाच पुसावा लागेल.