बसून खेळ चालवणारा

क्रिकेटचा यष्टिरक्षक आपण सगळेच ओळखतो. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये त्याचा एक भाऊ आहे. त्याचं नाव कॅचर. आज त्याच्याविषयी थोडं बोलणार आहे.

बेसबॉलमध्ये बाकीचे आठ क्षेत्ररक्षक फलंदाजाकडे तोंड करून उभे असतात. कॅचर एकटा फलंदाजाच्या मागे उकिडवा बसतो. त्यामुळे सगळं मैदान त्याच्या नजरेसमोर असतं. पुढचा चेंडू कसा टाकायचा, हे पिचरला तोच सुचवतो. पूर्वी हे मांड्यांच्या आडून बोटांच्या खुणांनी चाले. २०२२ पासून मेजर लीगमध्ये त्यासाठी बटणांचं छोटं यंत्रही आलं आहे. ताशी दीडशे किलोमीटर वेगाचे चेंडू झेलायचे आणि एका सामन्यात शंभराहून जास्त वेळा खाली बसायचं. तोंडावर जाळी, छातीवर गादी असते. तरी बोटं मोडतात, गुडघे झिजतात.

रॉय कॅम्पानेला हा असाच एक कॅचर. १९३७ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी तो व्यावसायिक खेळाडू झाला, पण निग्रो लीगमध्ये. मेजर लीगचे दरवाजे कृष्णवर्णीयांना बंद होते. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनने ते उघडले आणि पुढच्याच वर्षी कॅम्पानेला ब्रुकलिन डॉजर्स संघात आला. तेव्हा तो २६ वर्षांचा होता. गुडघ्यांवर जगणाऱ्या खेळाडूची दहा वर्षं अशी दाराबाहेर गेली होती! तरीही १९५१, १९५३ आणि १९५५ मध्ये तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

२८ जानेवारी १९५८ रोजी त्याची मोटार बर्फावरून घसरून खांबावर आदळली. मान मोडली, शरीर लुळं पडलं. छत्तिसाव्या वर्षी खेळ संपला. ७ मे १९५९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्याच्या सन्मानार्थ सामना झाला. ९३,१०३ प्रेक्षक आले होते. मैदानावरचे दिवे मालवले गेले आणि अंधारात लोकांनी त्याच्यासाठी काड्या पेटवल्या.

पुढे चाकांच्या खुर्चीत बसून तो डॉजर्सच्या तरुण कॅचरना शिकवत राहिला. १९६९ मध्ये त्याला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. १९९३ मध्ये तो गेला.

निग्रो लीगमधल्या त्याच्या धावा मेजर लीगच्या अधिकृत नोंदींत आल्या, त्या मात्र २०२४ मध्ये. ते पाहायला तो नव्हता.