गाठीची दोरी

निवृत्त पुणेकराला दोन रोग जडतात: वर्तमानपत्रांना पत्रे लिहिण्याचा आणि मुळशीत जमिनीचा तुकडा घेण्याचा. मला दुसरा जडला.

मुळशी म्हटले की वाचकांना धो धो पाऊस आठवेल. पण तीच मुळशी चैत्र-वैशाखात हंडे घेऊन रांगेत उभी असते. पाऊस उतारावरून धावत निघून जातो. धरणाचे म्हणाल, तर १९२१ साली ज्याच्याविरुद्ध सेनापती बापट मावळ्यांसह सत्याग्रहाला उभे राहिले, त्या धरणाचे पाणी सह्याद्री ओलांडून कोकणात भिऱ्याच्या वीजघरात उतरते.

तर कोळवण खोऱ्यातल्या आमच्या तुकड्यावर बोअर घ्यायचे ठरले. पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन फिरला. माझा विश्वास नव्हता, सौभाग्यवतींचा होता. नारळ उभा राहिला तिथे गाडी लावली. आधी पांढरी पूड उडाली, मग तांबडी माती, आणि १५० फुटांवर पाण्याचा फवारा! आम्ही पेढे वाटले. पुढच्याच महिन्यात घरापुढे हिरवळ लावली.

एप्रिलात शेजारचे आबा आले. भांडायला नव्हे. म्हणाले, “सायेब, तुमची मोटर चालली की आमची हीर खाली बसतीया.”

मी हसून म्हटले, “आबा, तुमची विहीर ४० फूट, माझे बोअर १५०. संबंध काय?”

संबंध मला एका भूजलतज्ज्ञ स्नेह्याने समजावला. आपला दख्खनचा खडक म्हणजे थालीपिठांची चवड. एक थर घट्ट, एक सच्छिद्र, मधूनमधून तांबड्या मातीचा पदर. पाणी राहते ते फटींत आणि छिद्रांत, आणि उभ्या फटी वरचा थर खालच्याशी जोडतात. पुण्याच्या ‘अक्वाडॅम’ संस्थेने तर आमच्याच खोऱ्यातल्या विहिरींचा अभ्यास केला आहे. मला सापडलेले ‘नवे’ पाणी पावसाळ्यात मुरलेलेच होते, आणि आबांची विहीर त्यावरच जगत होती. पेढे आठवून शरमलो.

मग मला पुरंदरच्या नायगावचे विलासराव साळुंखे आठवले. १९७२ च्या दुष्काळानंतर त्यांनी पाणी पंचायत उभारली. पाणी जमिनीवर नव्हे, माणसांवर वाटायचे: माणशी अर्धा एकर भिजेल इतके, कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही वाटा. आणि ऊस लावायचा नाही.

सौभाग्यवतींनी हिशेब तिथेच मांडला. “आपण दोघे, आबांकडे सात माणसे. आणि आपला ऊस म्हणजे ही हिरवळ!” हिरवळ गेली. तिच्यावर माझा जीव होता, हे इथे कबूल करतो.

आबांनी दोरीला तीन गाठी मारल्या. दर रविवारी ती त्यांच्या विहिरीत सोडायची. पाणी दुसऱ्या गाठीखाली गेले की आमची मोटर बंद. तिसरीखाली गेले की त्यांचा भाजीपालाही बंद, फक्त पिण्यापुरते. गेल्या वैशाखात आम्ही अकरा दिवस पुण्याहून कॅन भरून नेले. तिसरी गाठ मात्र भिजलेलीच राहिली.

आता वरच्या अंगाला तीन नवे प्लॉट पडले आहेत. दिवाळीनंतर तिथे बोअरची गाडी येणार म्हणतात. परवा आबांनी दोरी माझ्या हाती दिली.

“तुमी त्यांच्यातले. तुमीच सांगा त्यांना.”

भाऊबीज आटोपली की निघतो आहे. दोरी पिशवीत घालून ठेवली आहे.